देवघरातला ‘१८१८’चा रामदरबार: नाणं नव्हे, टंका

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आजेसासूबाईंच्या देवघरात सापडलेला हा तांबूस-पिवळा नग कंपनी सरकारचं नाणं आहे का, आणि घरी येऊन गेलेला दलाल म्हणतो तशी त्याची किंमत खरंच लाखांत आहे का. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘यूकेएल वन आना’ आणि १८१८ हे साल, असं वर्णन तुम्ही दिलंय. फोटोही स्पष्ट आहेत. दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. हा टंका आहे, म्हणजे पूजेसाठी किंवा यात्रेची आठवण म्हणून घेतलेली मुद्रा. ती व्यवहारात कधी चाललेली नाही.

आधी साल बघू, कारण लोक फसतात ते सालाला. १८१८ म्हणजे पेशवाई बुडाली ते वर्ष. तेव्हा कंपनीचं अख्ख्या हिंदुस्थानासाठी एकच असं नाणं नव्हतंच. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. बंगालचा रुपया फारसी मजकुराचा होता आणि त्यावर नाव होतं शाह आलम बादशहाचं, जो १८०६ सालीच वारला होता. पुण्यात तर इंग्रजांचा अंमल बसल्यावरही काही वर्षं पेशवाईतला अंकुशी (अंकुशाची खूण असलेला) रुपयाच पडत राहिला. लोकांचा ज्या छापावर विश्वास, तो बदलायची घाई कंपनीने केली नाही. मुंबई इलाख्याच्या तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूला कंपनीची व्यापारी खूण आणि दुसऱ्या बाजूला तराजू असे. तराजूच्या पारड्यांमध्ये फारसीत ‘अदल’, म्हणजे न्याय, असं लिहिलेलं असे. सगळीकडे एकसारखी नाणी आली ती १८३५च्या कायद्याने. तेव्हाच्या तांब्याच्या नाण्यांत पै, पाव आणा आणि अर्धा आणा होते, एक आणा नव्हता. एक आण्याचं निकलमिश्रित नाणं निघालं एडवर्ड सातव्याच्या राज्यात, १९०७च्या सुमारास. तेव्हा तुमच्या नगावर साल, कंपनीचं नाव आणि ‘वन आना’ हे तिन्ही एकत्र आले, तिथेच त्याचं बिंग फुटतं.

‘पण देवांची चित्रं असलेली नाणी होतीच ना?’ असं कोणीतरी म्हणेलच, आणि ते खरं आहे. अकबराने कारकिर्दीच्या अखेरीस ‘रामसिय’ असा नागरी मजकूर असलेली नाणी पाडली होती, राम-सीतेच्या आकृत्यांसह. कंपनीनेही मद्रासला व्यंकटेश्वर आणि त्याच्या दोन्ही देवींचा छाप असलेले सोन्याचे होन पाडले, त्यांना ‘तीन स्वामी’ म्हणतात. पण ते होन नखाएवढे बारके, साडेतीन ग्रॅमच्याही आतले. त्यांवर इंग्रजी अक्षर नाही आणि सालही नाही.

आता तुमच्या फोटोंकडे येतो. दुसरा फोटो मोठा करून बघा. कडेवर सगळीकडून एक बारीक उभारलेली रेघ गेलीय, ती साच्याचे दोन भाग जिथे जुळले तिथली. हनुमानाच्या शेपटाजवळ टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, ते ओतताना अडकलेल्या हवेचे. म्हणजे नग ओतीव आहे. टांकसाळीतलं नाणं ठशांच्या दाबाखाली पाडलेलं असतं. त्याची जमीन, म्हणजे चित्राभोवतीचा सपाट भाग, गुळगुळीत असते, अक्षरांच्या कडा उभ्या आणि तीक्ष्ण असतात. तुमच्या नगावरची इंग्रजी अक्षरं मेणासारखी मऊ दिसतात, पण हे घासून झिजल्यामुळे झालेलं नाही. झीज उंच भागावर होते, आणि इथे रामाचं नाक शाबूत असताना खोलातली अक्षरं बुजलेली आहेत. सोनाराच्या काट्यावर वजनही करून घ्या. १८३५चा पाव आणा साडेसहा ग्रॅमच्या आसपास आणि अर्धा आणा तेरा ग्रॅमच्या आसपास भरतो. या टंक्यांना वजनाचा असा कुठलाच धरबंद नसतो.

जुने, चांगल्या कारागिरीचे रामटंकेही असतात, चांदीचेसुद्धा. सिंहासनावर राम-सीता, बाजूला छत्र-चवरी घेतलेले भाऊ, पायाशी हनुमान, मागच्या बाजूला धनुष्य घेतलेले राम-लक्ष्मण आणि भोवती नागरी मजकूर, अशी त्यांची घडण असते. त्यांवर जे साल असतं त्यावरही विसंबायचं नसतं, पण काम बघत राहावं असं असतं. तुमचा नग त्यांतला नाही. कंपनीचं नाव घालून केलेला हा प्रकार खूप नंतरचा, आणि बाजारात थोड्या पैशांत हवे तितके मिळतात.

त्या दलालाबद्दल मात्र कळकळीने सांगतो. त्याने नगाजवळ तांदळाचे दाणे धरून ‘बघा, ओढले जातात’ असं दाखवलं, हे वाचून काळजी वाटली. ‘राइस पुलर’ नावाची ही जुनी फसवणूक आहे. इरिडियम, वीज पडलेलं तांबं, परदेशी प्रयोगशाळा, कोट्यवधींचा गिऱ्हाईक अशी गोष्ट रचायची आणि मग ‘तपासणीचा खर्च’ म्हणून मालकाकडूनच पैसे उकळायचे. तांब्या-पितळेचं कुठलंच नाणं तांदूळ ओढत नाही, दाण्यांना आधीच लोखंडाचा कीस लावलेला असतो आणि जवळ चुंबक लपवलेलं असतं. जुन्या नाण्यांच्या खरेदीत आपलं नाव वापरून लोकांना फसवलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ साली दिला होता. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. परत आला तर सरळ पोलीस ठाणं गाठा.

टंका देवघरातच राहू द्या. आजेसासूबाईंनी तो पुजला, तेवढं कारण पुरेसं आहे. देवांची पितळ घासता तसा चिंचेने किंवा पावडरीने तो घासलात तरी बिघडत नाही.

मात्र त्याच डब्यातलं, पहिल्या फोटोच्या डाव्या कोपऱ्यात अर्धवट आलेलं काळपट, वेडंवाकडं तांबं अजिबात घासू नका! त्यावर मला ‘राजा’ आणि त्याखाली ‘शिव’ वाचता येतंय. ती शिवराई आहे, शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. शिवराया पुढे पेशवाईतही भरपूर पडल्या आणि खेड्यापाड्यांत इंग्रजी अमलातही चालत राहिल्या, त्यामुळे एवढ्यावरून ती कोणत्या काळातली हे ठरत नाही आणि किंमतही फार नसेल. पण ते खरं, हातोहात फिरलेलं नाणं आहे. उलटवून ‘छत्रपति’ कसं लिहिलंय आणि दोन ओळींच्या मध्ये दोन समांतर रेघा आहेत का ते बघा. असतील तर ती नंतरची, दुदांडी म्हणजे दोन दांड्यांची. तिरप्या उन्हात दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि वजन लिहून पाठवा. नाशिकला जाणं होणार असेल तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत ती घेऊन जा. तिथलं संग्रहालयही बघण्यासारखं आहे.