पाळीव प्रश्नोत्तरं : टिल्लूचं पोट जमिनीला टेकतंय

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. मुलाने हट्ट करून बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा, लाडाने बिअर्डी) घेतला, नाव टिल्लू, पण आता तो टिल्लू राहिला नाही. नर आहे, तीन वर्षांचा, वजन 640 ग्रॅम. रोज डुबिया (खाण्यासाठी पैदा केलेली झुरळं) आणि सुपरवर्म (जाड अळ्या) खातो, सॅलडकडे बघतसुद्धा नाही. त्यात सासरे पुण्याहून आलेत, ते त्याला हाताने वॅक्सवर्म (मऊ पांढऱ्या अळ्या) आणि केळं भरवतात, म्हणतात अगं बघ कसा बघतोय बिचारा. चार दिवस उपाशी ठेवला तर उतरेल का वजन? आणि घरात पालक कायम असतो, तो दिला तर चालेल ना?

उत्तर : उपाशी अजिबात ठेवू नका, हे पहिलं. जाड सरड्याचं खाणं एकदम तोडलं की अंगातली चरबी लिव्हरवर जाऊन बसते आणि फॅटी लिव्हरचा त्रास, जो त्याला कदाचित आधीच सुरू झाला असेल, तो वाढतो. कमी करायचं ते हळूहळू.

आता 640 हा आकडा. मोठे बिअर्डी साधारण 350 ते 500 ग्रॅममध्ये असतात, पण लांबी कमीजास्त असते त्यामुळे नुसत्या काट्यावर जाऊ नका, अंग बघा. डोक्यावर डोळ्यांच्या मागे दोन बाजूंना चरबीच्या गाद्या असतात, त्या फुगून वर आल्यात का, पुढच्या पायांच्या काखेत गोळे दिसतात का, शेपटी मुळाशी थुलथुलीत झालीय का, चालताना पोट घासतं का. (गाद्या आत गेल्या असतील तर उलटं, प्राणी रोडावलाय किंवा पाणी कमी पडतंय.) आणि हे सगळं तो चालत असताना बघा, कारण दिव्याखाली शेकत बसला की हे प्राणी अंग भाकरीएवढं पसरतात आणि बारीकसुद्धा जाड दिसतो.

तुमच्याकडे झालंय असं की टिल्लू अजून पिल्लाच्या डाएटवर आहे. पिल्लांना वाढायचं असतं म्हणून त्यांच्या खाण्यात 70-80 टक्के किडे असतात, पण वर्ष-दीड वर्षानंतर हे प्रमाण उलटं व्हायला पाहिजे, म्हणजे 80 टक्के पाला आणि फक्त 20 टक्के किडे. दुकानात हे कोणी सांगत नाही, किडे विकायचे असतात ना! ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला हा प्राणी, तिथे मिळेल तेव्हा मिळेल ते खायचं आणि त्यासाठी हिंडायचं, आणि इथे चार फुटी टँकमध्ये बसल्या जागी रोज ताट हजर.

तर असं करा. किडे आधी एक दिवसाआड, मग तीन-चार आठवड्यांत आठवड्यातून दोनदा-तीनदा यावर या, एका वेळी मध्यम आकाराचे पाच-सहा डुबिया पुरे. सुपरवर्म बंद, त्यात चरबी फार. वॅक्सवर्म त्याहून वाईट. सकाळी दिवा लागून अंग तापलं की भूक असते, तेव्हा आधी फक्त पाला ठेवायचा आणि किडे दुपारी. पहिले काही दिवस तो तोंड फिरवेल, नाटकं करेल, मुलाला कळवळा येईल, पण बाऊल उचलून लगेच किडे दिलेत तर तो तुम्हाला बरोब्बर ओळखून आहे असं समजा. पाला बारीक चिरून त्यात ब्लॅक सोल्जर फ्लायच्या दोन-चार अळ्या सोडा, त्या हलतात म्हणून तो तोंड मारायला जातो आणि पानंही तोंडात जातात. सुरुवातीला ही युक्ती बरी पडते.

पालक रोज नको. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, चुकून एखादं पान खाल्लं तर काही होत नाही, पण मुख्य भाजी तीच नको. कोलार्ड ग्रीन्स, मोहरीचा पाला, सलगमचा पाला, डँडेलियनची पानं, किसलेला लाल भोपळा किंवा बटरनट, सगळं कच्चं आणि साधं. आइसबर्ग लेट्यूसमध्ये पाण्याशिवाय काही नाही. अव्होकाडो आणि रुबार्ब विषारी, घरात असले तरी लांब ठेवा. केळ्यात साखर भरपूर आणि कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस जास्त, शिवाय यांचे बहुतेक दात जबड्याच्या काठावरच चिकटलेले असतात, पडले तर परत येत नाहीत, आणि गोड-मऊ खाण्याने हिरड्या सडतात. म्हणून फळ म्हणजे कधीतरी एखादी ब्लूबेरी.

सासऱ्यांना भरवायचंच असेल तर भरवू दे की! जास्वंदीचं फूल हातात द्या त्यांच्या, औषध न मारलेलं, बिअर्डी ते आवडीने खातात. दोघंही खूश.

एक मात्र सासऱ्यांना आणि मुलाला नीट बजावून सांगा. जून-जुलैत तुमच्याकडे अंगणात काजवे येतात, तेव्हा टिल्लूला संध्याकाळी बाहेर सोडू नका आणि कोणी कौतुकाने काजवा पकडून खायला देऊ नका. तिकडच्या काजव्यांमध्ये असं विष असतं की एकच काजवा मोठ्या बिअर्डीचा जीव घेऊ शकतो.

शेकायची जागा 100 ते 108 फॅरनहाइट आहे का ते टेंपरेचर गनने तपासा, उष्णता कमी असली की खाल्लेलं पचत नाही आणि प्राणी सुस्त पडून राहतो. रोज थोडा वेळ खोलीत फिरू द्या, चढायला फांदी द्या. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याआधी, किचनच्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून. शी झाली की दहा-वीस ग्रॅमचा फरक दिसतो, त्याने हुरळून जाऊ नका. काही महिने लागतील. आत्ताच मलूल वाटत असेल तर डाएट सुरू करायच्या आधी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडून ब्लड टेस्ट करून घ्या.

प्रश्न : माझी मादी एकटीच राहते, नर नाही. पंधरा दिवसांत 410 वरून 470 ग्रॅम झाली, खाणं मात्र सोडलंय आणि कोपरा उकरत बसते. डाएटवर टाकू का? (लंडन)

उत्तर : नको नको, ही चरबी नाही, बहुतेक अंडी आहेत. नर नसला तरी मादी अंडी घालते, त्यातून पिल्लं येत नाहीत एवढंच. मोठ्या डब्यात दमट माती-वाळू भरून द्या, ती खणून आत शिरू शकेल इतकी खोल, आणि तिच्याकडे सारखं डोकावू नका. कॅल्शियम आणि पाणी वाढवा. उकरून उकरून थकली, अंडी येत नाहीत आणि गळून पडली, तर त्याच दिवशी व्हेट. अडकलेल्या अंड्यांनी जीव जातो. अंडी घातली की एकदम हडकुळी दिसेल, तेव्हा काही दिवस किडे सढळ हाताने द्या.

प्रश्न : चार महिन्यांचं पिल्लू आहे, खातं पण अंगी लागत नाही. घरातली झुरळं पकडून दिली तर चालतील का? प्रोटीनच ना शेवटी! (पुणे)

उत्तर : प्रोटीन आहे, पण शेजारच्या फ्लॅटमधल्या पेस्ट कंट्रोलसकट. शिवाय जंतांची भीती. पाळीव पैदाशीचेच किडे घ्या आणि पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नका. दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे, कॅल्शियम पावडर लावून, आणि उरलेले क्रिकेट (रातकिडे) बाहेर काढा कारण रात्री ते पिल्लालाच चावतात. लाइट जाणार असेल तर त्याच्या आधी पोटभर खाऊ घालू नका, उष्णतेशिवाय ते पोटात तसंच राहतं. काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) नसतं, यूव्हीबी ट्यूब लावा किंवा सकाळी थेट ऊन द्या, पण बाल्कनीत कावळे असतात तर जवळ बसून. आणि मुख्य म्हणजे ताजी शी डबीत घालून व्हेटकडे तपासायला न्या, खाऊनही रोड राहणाऱ्या पिल्लांत पिनवर्म (आतड्यातले जंत) किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) निघतात, त्याला औषध आहे.