नव्या भागातली मंडळी शोधताना

प्रिय मुला,

प्रभूमध्ये सलाम.

नव्या भागात कुठल्या मंडळीत, म्हणजे कुठल्या चर्चमध्ये जायचं ते ठरवायला तीन चर्चची माहिती तू छान लिहून पाठवलीस. गाणी कशी आहेत, माइकचा आवाज कसा येतो, उपदेश किती वेळ चालतो, सगळं आहे. शेवटचं आशीर्वचन होऊन उपासना संपल्यावर लोक काय करतात, ते मात्र एकाही चर्चबद्दल लिहिलेलं नाहीस. बहुधा तू तोवर गेटबाहेर पडलेला असतोस!

कॅथलिक लोकांना हा घोळ कमी. त्यांच्या 1983 च्या धर्मसंहितेनुसार पॅरिश, म्हणजे आपलं चर्च कुठलं ते, सहसा राहत्या भागावरून ठरते. आपल्या प्रोटेस्टंट लोकांना निवड करावी लागते, आणि निवड आली की गिऱ्हाइकाची नजर येते.

शिकवणीचं आधी बघून घे. प्रेषितांचा किंवा निकेयाचा मतांगीकार, म्हणजे विश्वासाची ती जुनी कबुली, ती मंडळी मनापासून म्हणू शकते का, एवढं विचारलंस तरी बरंच कळेल. बाप्तिस्म्याबद्दल मात्र पहिल्या भेटीतच विचार. तुझा बाप्तिस्मा तान्हेपणी झालाय. काही मंडळ्या तो धरत नाहीत. सभासद व्हायचं तर पुन्हा घ्या म्हणतात. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला, कोणाला बसू देतात, हेही ठिकठिकाणी वेगळं असतं. ओळखी झाल्यावर, जीव गुंतल्यावर हे कळलं की फार त्रास होतो.

उपदेश ऐकताना पवित्र शास्त्र उघडं ठेव. बिरुयाच्या लोकांनी खुद्द प्रेषित पौलाचं बोलणं रोज शास्त्रात ताडून पाहिलं आणि प्रेषितांची कृत्ये 17:11 मध्ये त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. एखादं वचन वाचून पुढे सगळा वेळ स्वतःच्याच गोष्टी सांगणारा वक्ता तुझ्या लगेच लक्षात येईल. पण एका रविवारावरून कोणाला निकालात काढू नकोस. त्या दिवशी पाहुणा वक्ता असेल, पाळकांच्या घरी आजारपण असेल. एकाच ठिकाणी सलग चार रविवार जा, त्यात एक प्रभुभोजनाचा असू दे.

आणि संपल्यावर थांब. खुर्च्या कोण उचलतंय, एकट्या आलेल्या म्हातारीशी कोण बोलतंय, साध्या कपड्यातल्या माणसाला कुठे बसवलं होतं, ते बघ. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी, यावरून याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मंडळीला चांगलंच सुनावलंय. आठवड्यातल्या प्रार्थनासभेलाही एकदा जा. तिथे माणसं कमी असतात, पण आजारी कोण, नोकरी कोणाची गेली, ही नावं घेऊन प्रार्थना होते की नाही, ते तिथेच कळतं. मला विचारशील तर गाण्यांपेक्षा मी याला जास्त गुण देईन.

पैशाबद्दल विचारायला लाजू नकोस. गोळा झालेली मदत नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून पौलाने सोबत माणसं घेतली होती. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. वर्षाचा हिशेब सभासदांपुढे येतो का? पाळकांना जाब विचारू शकणारं कोणी आहे का? असं विचारल्यावर ‘अभिषिक्ताविरुद्ध, म्हणजे देवाने नेमलेल्या माणसाविरुद्ध, बोलू नये’ हे उत्तर आलं, किंवा घरच्यांशी आणि जुन्या मित्रांशी संबंध तोड असं कोणी सुचवलं, तर निमूट निघून ये. कारणं देत बसू नकोस.

बाकी खटकण्यासारखं सगळीकडेच सापडेल. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या, सात मंडळ्यांपैकी स्मुर्णा आणि फिलदेल्फिया या दोघींनाच बोल लागलेला नाही. त्यामुळे शोध वर्षभर लांबवू नकोस. तीन महिन्यांत ठरव, नाहीतर सगळीकडचा पाहुणा आणि कुठलाच घरचा नाही अशी गत होईल. मोबाइलवर आपली उपासना लावतोस ते ठीक, पण तुला ताप आला तर इथून आम्ही औषध घेऊन येऊ शकणार नाही.

ठरलं की पाळकांना भेटून सांग. गिटार वाजवणारं पोर दिसलं की मंडळ्या त्याला दुसऱ्याच रविवारी स्टेजवर चढवतात. तू थोडे दिवस नको म्हण. आधी खुर्च्या उचल, लहान मुलांच्या वर्गात मदत कर, लोकांची नावं पाठ कर.

तिथे सभासद व्हायला आपल्या मंडळीचं ओळखपत्र लागेलच. फिबी या मंडळीच्या सेविकेची ओळख पौलाने रोमकरांना लिहूनच करून दिली होती, तेव्हा ही पद्धत जुनी आहे. पत्र कोणाच्या नावे हवं ते आठ दिवस आधी कळव. सेक्रेटरींना जुन्या रजिस्टरमधून तुझ्या बाप्तिस्म्याची तारीख शोधावी लागेल, आणि पाळकसाहेबांची सही रविवारीच मिळते.

तुझी,
मावशी