वाशिष्ठीच्या खोऱ्याचा जुना नकाशा पूर्वेला का सरकतो?

चिपळूणजवळून वाहणाऱ्या वाशिष्ठी नदीच्या वरच्या खोऱ्याचा एकोणिसाव्या शतकातला एक इंची (एका मैलाला एक इंच) नकाशा उपग्रहचित्रावर ठेवला की पोफळीच्या बाजूची पायथ्याची गावे घाटमाथ्यावर जाऊन बसतात, ही आपली अडचण मला चांगलीच परिचयाची आहे. त्या काळच्या नकाशा-पत्रकांवरील रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या रेखांशावर बेतलेले होते. पुढे तो सुधारला गेला आणि जुन्या आकड्यांतून २ मिनिटे २७ सेकंद वजा करणे आवश्यक ठरले. चिपळूणच्या अक्षांशावर हा फरक सुमारे ४.३ किलोमीटर भरतो.

ही सूचना अनेक पत्रकांच्या समासात बारीक अक्षरांत छापलेली असते. मला मात्र ती दिसलीच नाही, कारण ज्या कार्यालयातून प्रत घेतली तेथे स्कॅन करताना चारही कडा छाटल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर सर्वेक्षणाचे व छपाईचे वर्षही गेले होते. पूर्ण प्रत मागितली तेव्हा ‘नकाशा तर आला ना, कडेला काय असते?’ असे उत्तर मिळाले आणि लेखी अर्जाची साधी पोचही मिळाली नाही. नदीचे संगम जुळवत नकाशा ताणण्यात माझे कितीतरी महिने गेले, आणि एवढे करून समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) मात्र वेड्यावाकड्या झाल्या. कडा छाटलेल्या प्रतीचे पैसे कोणीही देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी सर्वेक्षक नाही आणि आपल्या पत्रकावर दुरुस्ती आधीच झालेली असू शकते, म्हणून प्रथम एखादे ओळखीचे शिखर ताडून पाहावे. रेखांश सुधारल्यावरही शंभर मीटरहून थोडा अधिक फरक उरेल. तो जुन्या एव्हरेस्ट आणि आजच्या डब्ल्यूजीएस-८४ या पृथ्वीच्या दोन प्रतिमानांतला आहे. तो काढण्यासाठी शिखरांवरील त्रिकोणमिती स्थानके (सर्वेक्षणात मोजलेले पक्के बिंदू) आणि ग्रामदेवतेची जुनी देवळे धरावीत. नदीचे काठ धरू नयेत, कारण पुरात ते सरकतात. जमिनीच्या हद्दीच्या वादात हा नकाशा वापरू नये, त्यासाठी भूमी अभिलेखाकडील गाव नकाशाच हवा.

नदीतल्या पाण्याची तुलना करणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. १९६२ पासून कोयनेचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी पोफळीहून वाशिष्ठीत येते. त्यामुळे तेथून खाली आज भर उन्हाळ्यात दिसणारा प्रवाह त्या नकाशात शोधू नये.