लाकडी जमीन: मेण लावावे की तेल?

प्रश्न: आमच्या 12 बाय 15 फुटांच्या खोलीतली जुनी लाकडी जमीन घासून कोरी केली आहे. तिला आता मेण लावावे की तेल?

उत्तर: तेल लावा. जवसाचे किंवा टंगचे (टंग झाडाच्या बियांचे) तेल लाकडात मुरते आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन आतल्या आत घट्ट होते. आपण ‘वाळले’ म्हणतो, पण ते पाण्यासारखे उडून गेलेले नसते, लाकडातच राहते. मेणाचे तसे नाही. त्यातले पातळ करणारे टर्पेंटाइन उडाले की मागे उरलेले मेण कायम मऊच राहते. मग पाणी सांडले की पांढरा डाग पडतो, आणि पायाखालची बारीक धूळ त्यात रुतून येण्याजाण्याची वाट काळपट होते. डब्यावर ‘हार्डवॅक्स ऑइल’ लिहिलेले असले तरी ते मुळात तेलच असते, त्यात थोडे कडक मेण विरघळवलेले असते. रोजच्या वापराच्या खोलीला आमची पसंती त्यालाच.

एका लिटरमध्ये साधारण 200 ते 250 चौरस फुटांचा एक हात होतो. तुमच्या खोलीला दोन हातांसाठी पावणेदोन लिटर लागेल. पॉलिश पेपर 40, 60, 80 आणि शेवटी 100 नंबरचा, फार तर 120. त्याहून बारीक पेपरने लाकूड गुळगुळीत होते खरे, पण त्याची बारीक छिद्रे मिटतात आणि तेल आत जात नाही. भिंतीलगतच्या फळ्यांवरही शेवटचा पेपर त्याच नंबरचा हवा. नाहीतर तेल लागताच कडेने वेगळ्या रंगाची पट्टी दिसते.

डबा तळापासून ढवळून घ्या, कारण मेण खाली बसलेले असते. थोडेथोडे तेल ओतून रेषांच्या दिशेने पसरवा, 15–20 मिनिटे मुरू द्या आणि उरलेले सगळे कोरड्या सुती फडक्याने पुसून काढा. किती मुरू द्यायचे ते डब्यावर वेगळे लिहिले असेल तर तसे करा. सगळे काम या पुसण्यावर अवलंबून आहे. पुसून झाल्यावर जमिनीला गाल टेकवल्यासारखे वाकून खिडकीच्या उजेडाकडे पाहा. राहिलेले तेल ओल्या ठिपक्यांसारखे चमकते, उभे राहून ते दिसत नाही. दुसरा हात 12 ते 24 तासांनी, पहिल्याहून पातळ. सतरंजी अंथरायला आणि ओल्या फडक्याने पुसायला निदान 7 ते 10 दिवस थांबा. हवा दमट असेल तर आणखी.

एक कळकळीची सूचना. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका. घट्ट होताना तेल उष्णता सोडते, बोळ्यात ती कोंडते आणि काही तासांत फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

प्रश्न: तेल लावून चार दिवस झाले, तरी पाय चिकटतो. आणखी एक हात मारू का?

उत्तर: मारू नका. जे पुसायचे राहिले तेच वर चिकट झाले आहे, त्यावर नवा थर दिला तर तोही तसाच राहील. फडक्यावर थोडे टर्पेंटाइन घेऊन पांढऱ्या नायलॉन पॅडने चोळा, चिकटा सुटला की लगेच पुसा. साय धरली असेल तर आधी खरवडावी लागेल. कच्चे जवसाचे तेल वापरले असेल तर मात्र ते वाळायला आठवडेही लागतात. दुकानातल्या ‘उकळलेल्या’ तेलात सहसा ते लवकर वाळवणारे धातूंचे क्षार घातलेले असतात. सागवानाची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याच्या अंगचे तेलकट घटक वरच्या तेलाला घट्ट होऊ देत नाहीत. असे लाकूड आधी अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसा आणि ते उडाल्यावर तासाभरात तेल लावा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ आग नको.

प्रश्न: जुन्या जमिनीवर मेण आहे असे वाटते. त्यावर तेल किंवा पॉलियुरेथेन (वर कडक थर धरणारे वार्निश) चालेल का?

उत्तर: दोन्ही चालणार नाही. मेणावर तेल मुरत नाही आणि पॉलियुरेथेन धरत नाही, पापुद्रे निघतात. आधी खात्री करा. पांढरे फडके टर्पेंटाइनमध्ये भिजवून कोपऱ्यात घासा, पिवळट-तपकिरी डाग आला तर बहुधा मेणच. अशा वेळी थेट घासायचे मशीन लावू नका. घर्षणाच्या उष्णतेने मेण वितळते, पेपर भरून जातो आणि मेण लाकडात आणखी खोल जाते. दोन-दोन फुटांचा तुकडा घेऊन टर्पेंटाइन लावा, तीन-चार मिनिटांनी, ते सुकायच्या आत, पुसा. फडके स्वच्छ निघेपर्यंत हेच करा, मग घासा.

खोली कमी वर्दळीची आणि पाण्यापासून लांब असेल तर मेणच ठेवायलाही हरकत नाही. त्याची मंद चमक तेलाला येत नाही. पातळ हात द्या, अर्ध्या तासाने कापडाने घासून चमकवा. पांढरा डाग पडला तर तेवढ्यापुरते थोडे मेण घेऊन पॅडने चोळा. ओकच्या लाकडावर लोखंडी काथ्या मात्र वापरू नका. त्याचे कण राहिले आणि पाणी लागले की लाकडातल्या टॅनिनशी मिळून काळे डाग पडतात.

प्रश्न: तेल लावलेली जमीन रोज कशाने पुसावी?

उत्तर: आधी मऊ झाडू, मग घट्ट पिळलेले फडके आणि पाण्यात थोडा सौम्य, क्षार नसलेला साबण. व्हिनेगर, अमोनिया आणि वाफेचा पोछा टाळा. पाण्याचा थेंब मण्यासारखा न राहता पसरून लाकूड गडद करू लागला, की तेवढ्याच फळ्यांना तेलाचा एक पातळ हात द्या.