ऑस्करचा रंगेल टॉम

प्रश्न : ‘टॉम जोन्स’ हा १९६३चा ब्रिटिश चित्रपट नुकताच पाहिला. नायक रंगेल, विनोद चावट. तरी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर कसं मिळालं? आणि मूळ कादंबरीही अशीच आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चित्रपट चावट आहे, हे अगदी मान्य. पण अप्टनच्या खाणावळीतला प्रसंग आठवून बघा. टॉम आणि मिसेस वॉटर्स समोरासमोर जेवायला बसलेत. सूप, मग खेकड्याच्या नांग्या, कोंबडी, कालवं, शेवटी फळं. दोघं एकमेकांवरची नजर न काढता हाडं चोखतात, बोटं चाटतात, हनुवटीवरून रस ओघळतो. संवाद नाही, अंगावरचा कपडा हललेला नाही. तरी काय चाललंय ते लख्ख कळतं. आल्बर्ट फिनी आणि जॉयस रेडमन यांनी निव्वळ खाण्यातून हे उभं केलंय. असा शृंगार मला तरी पडद्यावर दुसरा आठवत नाही.

बीज अर्थातच मूळ कादंबरीकार हेन्री फील्डिंगचं. १७४९च्या कादंबरीत नवव्या भागात हेच जेवण आहे, तेही युद्धाच्या वर्णनासारखं रंगवलेलं. फील्डिंग मुळात नाटककार. सरकारची टर उडवायचा. १७३७च्या सेन्सॉर कायद्याने नाटकाची वाट बंद झाली, तेव्हा तो वकिलीकडे वळला आणि पुढे लंडनला न्यायदंडाधिकारी झाला. माणसांचं ढोंग त्याने कोर्टातही पाहिलं. म्हणून त्याच्याकडे टॉम पाय घसरूनही मनाने निर्मळ, आणि त्याचा प्रतिस्पर्धी, सोवळ्यातला ब्लिफिल, खरा नीच. मला ही कादंबरी आवडते ती यासाठी.

तिचे अठरा भाग. प्रत्येकाच्या सुरुवातीला लेखक वाचकाशी गप्पा मारतो. पटकथाकार जॉन ऑस्बोर्न आणि दिग्दर्शक टोनी रिचर्डसन यांनी तो गप्पिष्टपणा निवेदकाकडे आणि कॅमेऱ्याकडे दिला. सुरुवात मूकपटासारखी. पुढे पैसे गेले म्हणून टॉम खाणावळवालीशी भांडतो आणि मध्येच वळून आपल्यालाच साक्षीला बोलावतो! भरजरी पोशाखांचे ऐतिहासिक चित्रपट तोवर बरेच झाले होते, पण इतका मोकळा श्वास त्यांत नव्हता. चित्रपट, दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा आणि जॉन ॲडिसनचं संगीत अशी चार ऑस्कर मिळाली. सहायक अभिनेत्रीसाठी तर या एकाच चित्रपटातल्या तिघींना नामांकन होतं.

शिकारीचा प्रसंग मात्र पुन्हा पाहाच. टाचांच्या काट्यांनी रक्ताळलेल्या घोड्यांच्या कुशी, फाडलेलं हरीण. खेड्यातल्या उमरावांची मौज किती क्रूर होती ते रिचर्डसनने तिथे हसू थांबवून दाखवलंय.

१९८९मध्ये रिचर्डसनने स्वतः कात्री लावून सुमारे सात मिनिटं कमी केली. तुम्ही मूळ लांबीचाच पाहा. कादंबरी जाडजूड वाटत असेल तर थेट नवव्या-दहाव्या भागातलं अप्टन आधी वाचा. आवडलं की पहिल्या पानावर या.