रात्री साडेदहाची भांडी

पत्र: ताई, सप्रेम नमस्कार. मी एका बँकेत नोकरी करते. आम्ही नागपूरच्या बेसा भागात तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. घरात सासूबाई, सासरे, आम्ही दोघे आणि दोन मुले. नऊ वर्षांपासूनची बाई फक्त सकाळी येते आणि भांड्यांचे १,८०० रुपये घेते. रात्रीची भांडी मी घासते, कारण उष्टी भांडी रात्रभर पडलेली सासूबाईंना चालत नाहीत. माझ्या बोटांना भेगा पडल्या असून त्वचेच्या डॉक्टरांनी साबणापासून हात दूर ठेवायला सांगितले आहे. हे म्हणतात, 'तुला डिशवॉशर घेऊन देतो. ४६,००० रुपयांचे आहे, बाई बंद केली की दोन वर्षांत पैसे वसूल.' सासूबाईंच्या मते 'चार भांड्यां'साठी ही उधळपट्टी आहे. त्या विचारतात, महालक्ष्म्यांची भांडी काय त्यात घालणार आहात? पुण्याला नणंदेने घेतलेल्या यंत्रात आता रिकाम्या बरण्या ठेवतात. मला ते हवे आहे, पण हवे म्हणताना अपराधी वाटते. घ्यावे का?

प्रिय भगिनी,

उत्तर आधी सांगते आणि कारणे मागाहून देते: यंत्र घ्या. मात्र या महिन्यात घेऊ नका, आणि यजमानांनी मांडलेल्या हिशेबाच्या भरवशावर तर मुळीच घेऊ नका, कारण तो हिशेब अर्धाच आहे.

४६,००० ला १,८०० ने भागले की पंचवीस-सव्वीस महिने येतात, हे खरे. परंतु यंत्र काही फुकट चालत नाही. धुण्याची एक गोळी १८ रुपयांची धरू. एका फेरीला साधारण एक युनिट वीज लागते आणि सहा माणसांच्या घरात ते युनिट बिलाच्या वरच्या टप्प्यात मोडते, म्हणून त्याचे १२ रुपये धरू. यंत्रात घालायचे मीठ आणि भांड्यांवर पाण्याचे डाग राहू नयेत म्हणून लागणारे द्रावण यांचे मिळून रोजचे ४ रुपये. दिवसाचे ३४, म्हणजे महिन्याचे १,०२० रुपये झाले. बाई बंद केली तरी हाती राहणार ७८० रुपये, आणि त्या गतीने ४६,००० वसूल व्हायला एकोणसाठ महिने, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे लागणार. हमी बहुधा दोन वर्षांची असते. चौथ्या वर्षी पंप गेला तर हिशेब आणखी पुढे सरकेल. शिवाय बाई बंद करता येणारच नाही, त्याचे कारण पुढे येईलच. तेव्हा या खरेदीतून पैसे वाचतील ही आशा सर्वांनी मिळून सोडून द्यावी. हे पैसे रात्रीच्या पाऊण तासासाठी आणि तुमच्या बोटांसाठी मोजायचे आहेत. रबरी हातमोजे घाला, असे तुम्हाला कोणीतरी सुचवलेच असेल. मी ते दोन उन्हाळे वापरले आहेत. नागपूरच्या मे महिन्यात हात बाहेरच्या पाण्याने भिजत नाहीत, आतल्या घामाने भिजतात, आणि भेगा असतील तर तो घाम साबणापेक्षा कमी झोंबत नाही.

तुमच्या पत्रात मी जर कोठे थबकले असेन, तर ते 'तुला घेऊन देतो' या शब्दांपाशी. यजमानांचा हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु जेवतात सहाजण, उष्टी होतात सहा ताटे, आणि ती धुणारे यंत्र मात्र 'तुला'! गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर कुणाला घेऊन दिली होती? कूलर कुणाला घेऊन दिला होता? घराची गरज आणि सुनेची हौस यांत एवढा फरक पडतो तो एका चतुर्थी विभक्तीने, आणि तुम्हाला वाटणारा अपराधीपणा तेथूनच येतो. हा केवळ शब्दांचा कीस नव्हे, हेही सांगते. यंत्र 'तुमचे' ठरले की भांडी त्यात लावणे, सकाळी काढून जागेवर ठेवणे, मीठ भरणे, तळाची जाळी काढून धुणे आणि दुरुस्तीवाल्याची वाट पाहत सुट्टी टाकणे, हे सारे तुमचेच ठरते; आणि ते बंद पडले तर 'हिच्या हट्टापायी पैसे गेले' हे ऐकणेही तुमच्याच वाट्याला येते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी जेवणाच्या वेळीच सर्वांसमोर ठरवून घ्या: प्रत्येकाने आपल्या ताटातले खरकटे काढून ताट स्वतः यंत्रात ठेवायचे, मोठी भांडी लावून यंत्र सुरू करायचे ते यजमानांनी, आणि सकाळी ते रिकामे करायचे मुलांनी, आलटून पालटून. याला घरातून नकार आला, तर यंत्र घेण्याचा मुद्दाच उरत नाही.

आता त्या यंत्राकडून काय होते आणि काय होत नाही, ते पाहू. जोसेफिन कॉक्रेन या अमेरिकन बाईंनी १८८६ मध्ये भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते यंत्र मांडले. नोकरांच्या हातून आपल्या चिनी मातीच्या उंची बशांचे टवके उडतात, ही त्यांची मूळ तक्रार होती. सांगण्याचा हेतू एवढाच की हे यंत्र बशांसाठी जन्माला आले, फोडणीच्या कढईसाठी नव्हे. स्टीलची ताटे, वाट्या, पेले, काचेची भांडी, डाव आणि चमचे ते उत्तम धुते. पाटोडीच्या रश्श्याची तर्री थंड पाण्याखाली वाटीला चिकटून बसते, तीच साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात पूर्ण निघून जाते. गोळीत विकरे (एन्झाइम) असतात, ती पिष्ट आणि प्रथिने तोडतात, म्हणून भाताचे शीत किंवा वरणाचा थर आधी धुऊन काढण्याची गरज नाही. खरकटे झटकले की पुरे. आधी नळाखाली धुऊन मग यंत्रात ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि ती दुप्पट पाणी घालवून वर यंत्रालाच नावे ठेवतात.

लोखंडी तवा मात्र त्यात ठेवू नये, त्याचे मुरलेले तेल निघून जाते आणि सकाळी गंज चढलेला दिसतो. पोळपाट-लाटणे तडकते. नॉनस्टिकचा थर लवकर झिजतो. अॅल्युमिनियम आणि हिंडालियम काळे पडते, कारण गोळी क्षारयुक्त असते. माझी हिंडालियमची कढई पहिल्याच आठवड्यात अशी काळीठिक्कर झाली की ती पुन्हा कधी चकाकली नाही. तुमचा कुकर स्टीलचा असेल तर चालेल, पण रिंग आणि शिट्टी काढून ठेवावी लागेल. साय करपलेला दुधाचा गंज, म्हणजे पातेले, पाण्यात भिजवून तळ खरवडल्याशिवाय निघणार नाही, आणि खालच्या कप्प्यात ठेवलाच तर तो एकटाच सहा ताटांची जागा अडवेल.

म्हणजे रात्री साडेदहाला तवा, कढई, गंज आणि बहुधा कुकर, अशी चार-पाच भांडी उरतीलच. ती पाण्याने विसळून, पाणी घालून ठेवावीत आणि सकाळी बाईने घासावीत. बाई बंद करता येणार नाही असे मी म्हटले ते याचसाठी. नऊ वर्षे घरात येणाऱ्या बाईचे पैसे यंत्र आले म्हणून कापावेत, हे मला तसेही पटले नसते. रात्रीची भांडी तिच्याकडे कधी नव्हतीच.

आता पाणी, कारण आपल्याकडे यंत्र बिघडण्याचे मूळ बहुतेक वेळा पाण्यातच सापडते. तुमच्या इमारतीला महापालिकेचे कन्हान-पेंचचे पाणी येते की बोअरिंगचे, हे तुम्ही कळवलेले नाही. बादलीच्या काठावर आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसत असेल, डाळ लवकर शिजत नसेल, तर पाणी जड आहे असे समजा. अशा पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवणारी राळ यंत्राच्या आत असते, आणि ती राळ पुन्हा कामाची व्हावी म्हणून ते वेगळे जाड मीठ घालायचे असते. स्वयंपाकाचे आयोडिनयुक्त मीठ तेथे चालत नाही. मीठ संपलेले लक्षात आले नाही की पेल्यांवर पांढरी झाक येते, गरम करणाऱ्या सळईवर थर बसतो, आणि मग घरचे म्हणतात की यंत्रच वाईट निघाले. पुण्याच्या बरण्यांमागची गोष्ट अशीच काहीशी असावी. नणंदेला एकदा विचारून पाहा. पाण्याचा हा जडपणा, म्हणजेच कडकपणा, प्रयोगशाळेतून तपासून घ्या. फिल्टरवाल्याच्या हातातले मीटर दाखवते तो आकडा विरघळलेल्या एकूण क्षारांचा असतो, कडकपणाचा नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कडकपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. तुमचा आकडा त्याच्याही वर निघाला, तर त्या मॉडेलला तो झेपतो असे दुकानदाराकडून लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तुम्ही वरच्या मजल्यावर राहता, म्हणून आणखी एक गोष्ट. टाकीच्या तळापासून नळापर्यंत तीन मीटर अंतर असेल तर दाब साधारण ०.३ बारच मिळतो. काही यंत्रे तेवढ्यावर चालतात, काहींना ०.५ लागतो. टाकी तुमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर डोक्यावर, बुटक्या चौथऱ्यावर असेल, तर आधी मोजपट्टी घेऊन गच्चीवर जा. जागेचेही तसेच आहे: मोठे यंत्र साठ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे पंच्याऐंशी उंच असते, ते आपल्याकडच्या ग्रॅनाइटच्या ओट्याखाली बहुधा जात नाही, आणि त्याला सोळा अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट लागतो. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ते चालणार नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र ते काटकसरी आहे: एका फेरीला दहा-बारा लिटर. एक रात्र नळ बंद ठेवून बादलीतल्या पाण्याने भांडी घासून पाहा आणि किती बादल्या लागल्या ते सासूबाईंनाच मोजू द्या. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला तो आकडा लगेच कळतो.

सासूबाईंचा प्रश्न राहिला, आणि तो सर्वांत रास्त आहे. महालक्ष्म्यांची पितळी पातेली आणि परात त्यात घालायची नाहीतच. त्यांची झळाळी जाईल आणि कल्हईही खराब होईल. ती चिंच-मिठानेच घासावीत. हे त्यांना तुम्ही आपण होऊन सांगा, त्यांनी पुन्हा विचारण्याची वाट पाहू नका. त्या दिवशी पुरण, आंबील आणि सोळा भाज्यांच्या पंगती उठल्यावर स्टीलच्या ताटवाट्यांच्या तीन फेऱ्या यंत्राकडे गेल्या, तर पितळेकडे पाहायला घरात माणसे मोकळी असतील. भिंतीकडे तोंड करून भांडी घासण्यात त्यांची स्वतःची किती वर्षे गेली, हेही एकदा विचारा. 'चार भांडी' हा हिशेब बहुधा तेव्हाच्या घरातल्या दुसऱ्या कोणीतरी केलेला असावा.

तपासणीचा आकडा, गच्चीवरचे माप आणि जेवताना झालेली वाटणी, या तिन्ही गोष्टी जमल्या की खुशाल पैसे भरा. आणि पहिल्या आठवड्यात सातपैकी किती रात्री यंत्र यजमानांनी सुरू केले, तेवढे मला पत्राने कळवा.