'जॉइंट १' म्हणजे कोण?

प्रश्न : वाळूजला माझं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. जुन्या व्हीएमसीचा (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनचा) कंट्रोलर गेला तेव्हा एका पोरानं लिनक्ससीएनसी हे कॉम्प्युटरवरून मशीन चालवणारं मोफत सॉफ्टवेअर बसवून दिलं. पोरगं आता पुण्याला नोकरीला. रोज दुपारी 'जॉइंट १ फॉलोइंग एरर' येऊन मशीन थांबतं. एक्सची मोटर उतरवली, एन्कोडरची (जागा मोजणाऱ्या सेन्सरची) केबल बदलली, फरक नाही. हे काढून कंपनीचा कंट्रोलर घ्यावा का?

उत्तर : आधी एक्सची मोटर परत चढवा, तिचा काही दोष नाही. लिनक्ससीएनसी जॉइंट, म्हणजे मोटरीवर चालणारे अक्ष, शून्यापासून मोजतं. साध्या तीन अक्षांच्या मशीनवर ० म्हणजे एक्स, १ म्हणजे वाय. चिकलठाण्यात असताना मीही यापायी अख्खी पाळी भलत्याच मोटरीवर घालवली होती.

फॉलोइंग एरर म्हणजे सांगितलेली जागा आणि एन्कोडरनं कळवलेली जागा यांत मर्यादेपेक्षा जास्त फरक. आयएनआय फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, 'फेरर'चा म्हणजे या मर्यादेचा आकडा वाढवला की मेसेज बंद होतो आणि जॉब रिजेक्ट व्हायला लागतात. ते करू नका. हालस्कोप (लिनक्ससीएनसीतला सिग्नलचे आलेख दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा, जॉइंट १ चं 'एफ-एरर' (हाच फरक) आणि वायच्या ड्राइव्हचा, म्हणजे मोटर चालवणाऱ्या युनिटचा, रेडी सिग्नल शेजारी लावा, 'एफ-एरर्ड'वर (मर्यादा ओलांडल्याच्या खुणेवर) ट्रिगर ठेवा. आधी रेडी पडला, म्हणजे बंद झाला, तर ड्राइव्ह ट्रिप होतोय. फक्त दुपारीच होतं म्हणता, वर पत्र्याची शेड असेल तर माझा पहिला संशय पॅनेलचा पंखा आणि चोंदलेला फिल्टर. रेडी शाबूत आणि 'एफ-एरर'ची रेघ हळूहळू चढली, तर स्लाइडचं तेल आणि गिब (स्लाइडची ढिलाई बसवायची पट्टी) बघा. एकदम उडी असेल तर एन्कोडर किंवा त्याची केबल, पण वायची!

रेडीची वायर कॉम्प्युटरला सिग्नल देणाऱ्या कार्डापर्यंत आणलीच नसेल, तर आधी ती आणा. मग हाल फाइलमधली (कुठला सिग्नल कुठे जोडलाय ते लिहिलेल्या फाइलमधली) 'सिग-७' छापाची नावं बदला. वायरच्या फेरूलवर (टोकावरच्या नंबराच्या नळीवर) २१४ असेल, तर सिग्नलचं नाव 'वाय-ड्राइव्ह-रेडी-२१४'. हालमध्ये 'मेसेज' नावाचा कंपोनंट आहे, तो जोडला की रेडी पडताक्षणी स्क्रीनवर तुमचं वाक्य येतं: 'वाय ड्राइव्ह ट्रिप, वायर २१४ बघा'. रात्रपाळीच्या ऑपरेटरला तेवढं पुरतं. बदलायच्या आधी सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या, हाल फाइलची प्रिंट पॅनेलच्या दारात ठेवा.

कंपनीचा कंट्रोलर आणलात तरी वायचा ड्राइव्ह तोच राहणार. आणि त्या पोराला आजच फोन करून पासवर्ड विचारून घ्या.